राब आधी, लावणी मग

भिवंडी तालुका भाताचा. इथला शेतकरी पावसाची वाट बघत बसत नाही. ऊन तापले की तो राब भाजतो. पाऊस पडल्यावर कोणी राब भाजायला निघाला, तर लोक हसतील. रोपच नाही, तर लावणी कशाची करणार?

मुलांच्या शिक्षणाचेही तसेच आहे. दहावीची परीक्षा मार्चमध्ये संपते. मग कोणी घरच्या मागाला कांड्या भरून देतो. कोणी मामाच्या गावाला जातो. मुलांनी खुशाल जावे. पण याच दिवसांत घरातल्या मोठ्या माणसांचे एक काम असते. ते काम म्हणजे कॉलेजसाठी कागद जमवणे.

आम्ही शिक्षक उन्हाळ्यात पाड्यापाड्यांवर फिरतो. सांगतो, "दाखले आताच काढा." लोक म्हणतात, "गुरुजी, आधी निकाल तर लागू द्या, मग बघू की!" २०२५ साली दहावीचा निकाल १३ मे रोजीच लागला. मग सगळ्यांची एकदम धावपळ झाली.

एका माग कामगाराची गोष्ट ऐका. त्याची मुलगी हुशार. गुण चांगले पडले. पण जातीचा दाखला काढलेला नव्हता. तो हाती येईपर्यंत फेऱ्या संपल्या. जवळच्या कॉलेजात जागा उरली नाही. लांबच्या कॉलेजला रोजचे गाडीभाडे परवडेना. पोरगी वर्षभर घरी बसली.

त्याच वर्षी बाप रात्रीच्या वर्गात वाचायला शिकला. पुढच्या वर्षी धाकटा मुलगा दहावीला होता. चैत्रातच बापाने सारे कागद अंथरले. एक एक अक्षर लावून वाचले. म्हणाला, "अरे, शाळेच्या कागदावर आडनाव एक, आधारवर दुसरंच!" ती चूक एप्रिलमध्येच दुरुस्त झाली. दोन्ही मुलांचे अर्ज वेळेवर गेले. आज बहीण-भाऊ एकाच वर्गात बसतात.

आता काय करायचे, ते क्रमाने बघू.

१. शाळेचे कागद, आधार कार्ड आणि जातीचा दाखला शेजारी ठेवा. नाव, आडनाव, जन्मतारीख सगळीकडे सारखी आहे का, ते वाचा.

२. उत्पन्नाचा दाखला तहसीलदार देतात. जातीचा दाखला प्रांत देतात. अर्ज 'आपले सरकार' केंद्रात करता येतो. पावती जपून ठेवा. उत्पन्नाचा दाखला १ एप्रिलनंतरचा नवा घ्या.

३. राखीव जागेवरून डॉक्टर किंवा इंजिनियर व्हायचे असेल, तर जातीची पडताळणी लागते. तिला महिने लागतात. म्हणून अकरावी-बारावीतच अर्ज करा.

२०२५ सालापासून अकरावीचा प्रवेश साऱ्या राज्यात ऑनलाइन झाला. त्या वर्षी अर्जात १ ते १० कॉलेजे पसंतीच्या क्रमाने लिहायची होती. पहिल्या पसंतीचे कॉलेज लागले आणि प्रवेश घेतला नाही, तर पुढच्या नेहमीच्या फेऱ्यांना मुकावे लागे. म्हणून पहिले नाव विचार करून लिहावे. फी किती, गाडीभाडे किती, हे आधी विचारावे. नियम दरवर्षी थोडे बदलतात. शाळेत जाऊन त्या वर्षीचे नियम विचारून घ्यावेत.

एक गोष्ट खरी सांगतो. अर्ज आधी केला म्हणून जागा आधी मिळत नाही. जागा गुणांवर मिळते. पण मुदत टळली, तर गुण असूनही फेरी हुकते. आणि घाईत लिहिलेल्या अर्जात चुका राहतात.

मुलींच्या आईबापांनी हेही ध्यानात ठेवावे. जुलै २०२४ मध्ये सरकारने एक निर्णय केला. आर्थिक दुर्बल, मागास आणि इतर मागास वर्गांतल्या, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना इंजिनियरिंगसारख्या व्यावसायिक शिक्षणात शिकवणी फी आणि परीक्षा फी माफ झाली. पण ही सवलत मागायलाही कागद लागतातच.

तुम्ही आता वाचू शकता. दुसऱ्याच्या तोंडाकडे बघण्याची गरज नाही. आज घरी जा. पेटी उघडा. कागद बाहेर काढा आणि वाचा. राब आत्ताच भाजायचा आहे.

सांगा पाहू :
१. माग कामगाराला कोणती चूक सापडली?
२. उत्पन्नाचा दाखला कोण देतात?
३. तुमच्या घरातल्या कागदांवर नावे सारखी आहेत का? वाचून वर्गात सांगा.