लाल टोपणाची सिरिंज इथेच ठेव

चि. सई हिस,


तुझ्या आईशी बोलले. बॅगांची वजनं करून झाली, पण इन्सुलिन कुठल्या बॅगेत ते अजून ठरलेलं नाही म्हणे. ते आधी ठरव. सगळंच्या सगळं हातातल्या बॅगेत घे. विमानाच्या पोटातल्या सामानात ते गोठलं, तर नंतर दिसायला बरं दिसेल पण भरवशाचं राहणार नाही. बर्फाच्या पिशवीलाही ते टेकू देऊ नकोस.

तुझ्या बाबांनी ‘असू दे जवळ’ म्हणून बाटली आणि सिरिंजा दिल्यात ना? त्या सिरिंजा इथेच ठेव. आपल्याकडच्या बाटलीत बहुतेक वेळा एका मिलीत 40 युनिट असतात, लाल टोपणाची सिरिंज त्याच मापाची. अमेरिकेतल्या नेहमीच्या बाटलीत एका मिलीत 100. तिथली बाटली आणि आपली सिरिंज अशी जोडी जमली, तर 20 च्या रेघेपर्यंत ओढलेल्या औषधातून अंगात 50 युनिट जातील. तुझं पेन 100 चंच आहे, तेच दोन घे. इतकी वर्षं वॉर्डात काढली, पण मला सुईपेक्षा या रेघांचीच जास्त धास्ती वाटते. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव असू दे, कंपनीची नावं तिकडे बदलतात.

सिक्युरिटीच्या रांगेत लाजायचं नाही. सुया आहेत, दंडावर सेन्सर आहे, हे त्यांनी विचारायच्या आधी सांगून टाक. सेन्सरच्या पुस्तिकेत बॉडी स्कॅनर नको म्हटलं असेल, तर हाताने तपासणी करायला सांग.

आता घड्याळ. ऑगस्टमध्ये न्यू जर्सी आपल्या साडेनऊ तास मागे, म्हणजे तुझा त्या दिवशीचा ‘दिवस’ साडेतेहेतीस तासांचा. रात्रीचं लांब पल्ल्याचं इन्सुलिन साधारण चोवीस तास पुरतं. तिथली रात्र होईपर्यंत थांबलीस तर मधले तास उघडे पडतील. ते कसे भरायचे हे मी सांगणार नाही, तूही मनाने ठरवू नकोस. डॉक्टरांकडून दोन्ही घड्याळांच्या वेळा कागदावर लिहून घे आणि विमानात मनगटावर भारतातलीच वेळ ठेव.

जेवणाआधीचं इंजेक्शन ताट समोर आल्यावरच. जेवणाची गाडी दोन ओळींवर आली म्हणून टोचून घेशील आणि तेवढ्यात विमान हलायला लागलं की सगळे आपापल्या जागी, जेवण अर्ध्या तासावर. ‘डायबेटिक’ जेवण मागवू नकोस, त्यात पुष्कळदा कर्बोदकंच तुटपुंजी. आपले खाकरे बरे. उंचीवर हवेचा दाब कमी झाल्याने पेनमध्ये बुडबुडे येतात, म्हणून सुई लावून ठेवू नकोस आणि दर वेळी आधी दोन युनिट हवेत सोड.

ग्लुकोजच्या गोळ्या डोक्यावरच्या कप्प्यात नकोत, खिशात ठेव. घाम, थरथर वाटली की शुगर मोज. 70 च्या खाली असेल तर 15 ग्रॅम ग्लुकोज, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोज. शेजारच्या प्रवाशाला आणि एअर होस्टेसला सुरुवातीलाच सांगून ठेव. तू गाढ झोपतेस, मला माहीत आहे.

पोचलीस की आधी शुगर कळव, खोलीचे फोटो नंतर.

तुझी,
मावशी