पाण्यावरचं ॲव्हरेज

सुमे, त्या किटवाल्याला पैसे अजून दिले नाहीत ना? मग ऐक. भाऊजींच्या आधी तू समजून घे, ट्रकचा हिशेब तुझ्या वहीत असतो.

ट्रकचं ॲव्हरेज वाढवतं म्हणून विकतात ते किट म्हणजे पाण्याचा डबा, त्यात स्टीलच्या पट्ट्या आणि बॅटरीवरून आलेली वायर. विजेने पाण्यातून हायड्रोजन आणि ऑक्सिजन सुटतो, तो नळीने इंजिनाच्या हवेत सोडायचा. इथवर खोटं काही नाही, बुडबुडे दाखवूनच तर विकतात. पण वीज येते अल्टरनेटरमधून, अल्टरनेटर फिरवतं इंजिन, आणि इंजिन पितं डिझेल!

चारचं ॲव्हरेज धर, वेग साठचा. मिनिटाला पाव लिटर डिझेल, म्हणजे साधारण 9,000 किलोज्यूल. किटमधून मिनिटाला लिटरभर वायू निघाला, तर त्यातली ऊर्जा जेमतेम 7 किलोज्यूल. हजारातला एक भागही नाही गं! आणि ते सात मिळवायला, वाटेतली गळती धरता, डिझेलचे पन्नासेक जातात. भरल्या घागरीतलं पाणी ओंजळीने काढून पुन्हा त्याच घागरीत ओतायचं, तसली गत.

विकणारा म्हणेल, ‘ताई, याने डिझेल पूर्ण जळतं.’ अगं, धडधाकट डिझेल इंजिनात 98 टक्क्यांहून जास्त डिझेल जळतंच. वाया जाते ती उष्णता, सायलेन्सर आणि रेडिएटरमधून. ती बुडबुड्यांनी कशी थांबणार?

हायड्रोजनशी माझं वैर नाही हं. सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठातल्या संशोधकांनी 2022 मध्ये डिझेल इंजिन 90 टक्के हायड्रोजनवर चालवलं आणि कार्यक्षमता 26 टक्क्यांनी वाढल्याचं सांगितलं. टाटांच्या हायड्रोजन ट्रकांच्या चाचण्याही 2025 मध्ये सुरू झाल्या. पण तिथे हायड्रोजन बाहेर तयार करून टाकीत भरतात, इंजिनाची मांडणीही वेगळी.

मग कुणाकुणाला फरक का जाणवतो? पैसे मोजले की ड्रायव्हरचा पाय आपोआप हलका होतो. शिवाय त्याच निमित्ताने एअर फिल्टर साफ होतो, टायरची हवा तपासली जाते. ही कामं किटशिवायही होतात की!

भाऊजींना तोंडावर नको म्हणू नकोस, हट्टाला पेटतील. किटवाल्यालाच म्हण, ‘बसवा, पण पैसे तीन महिन्यांनी. फुल टँक ते फुल टँक, लोडचा रूट तोच, हिशेब मी ठेवीन.’ आणि कंपनीची वॉरंटी गेली तर भरपाई कोण देणार, तेही त्याच्याकडून लिहून माग. भाऊजी समोर बसलेले असतानाच.