उन्हाळ्यातली टाकी: हायड्रोपोनिक्समधली मूळकुज टाळण्याची कृती

पुणे जिल्ह्यातला मुळशी हा भाताचा तालुका. इथला आंबेमोहोर पावसाळाभर पाण्यात उभा असतो आणि त्याची मुळं कुजत नाहीत. म्हणूनच पौड-पिरंगुटकडे पॉलिहाउसमध्ये लेट्यूस लावणाऱ्याला पहिल्या उन्हाळ्यात कोडं पडतं. पाणी स्वच्छ, खतं मोजून दिलेली, तरी मुळं तपकिरी कशी? भाताच्या खोडात आणि मुळांत हवेच्या पोकळ्या असतात. पानांकडची हवा त्यातून थेट चिखलातल्या मुळापर्यंत पोचते. लेट्यूस, बेसिल, पालक यांची अशी सोय नाही. त्यांना पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूवरच भागवावं लागतं.

आणि उन्हाळ्यात नेमका तोच आटतो. समुद्रसपाटीला २० अंश सेल्सिअसच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना जेमतेम साडेसात. मुळशी साडेपाचशे-सहाशे मीटर उंचीवर आहे, त्यामुळे इथे आणखी सहा-सात टक्के कमी. उलट पाणी दहा अंशांनी तापलं की मुळांची प्राणवायूची गरज साधारण दुप्पट होते. मुळं गुदमरतात, त्यांच्या टोकांतून साखर-अमिनो आम्लं पाझरतात आणि तो माग काढत पिथियम या बुरशीसारख्या रोगजंतूचे बीजाणू पोहत येतात. पिथियम ॲफॅनिडर्मॅटम ही त्यातली जात तिशीपुढच्या उष्णतेत सगळ्यात जोमानं वाढते. आल्याची कंदकुज आणि रोपवाटिकेतली मर हीसुद्धा तिचीच करणी.

तेव्हा आधी गुदमरणं, मग रोग. औषधाची बाटली शेवटी येते. त्याआधी सावली, स्वच्छता, हवा आणि थंडावा, याच क्रमानं. ही कामं होळीच्या आत उरकावीत.

साहित्य

पाण्यात बुडणारा थर्मामीटर, पीएच आणि ईसी (द्रावणातले क्षार मोजणारा) मीटर, एअर पंप व एअर स्टोन, पांढरा रंग, दोन इंची थर्माकोल, ५० टक्के शेडनेट, टीसीएल (ब्लीचिंग) पावडर, पाण्यातलं क्लोरीन तपासणाऱ्या ओटी टेस्टची बाटली, इन्व्हर्टर, एक-दोन लिटरच्या रिकाम्या बाटल्या. जमल्यास पाण्यातला प्राणवायू मोजणारा डीओ मीटर.

कृती

१. टाकी सावलीत आणा.
काळी टाकी उन्हात असेल तर बाकी सगळी मेहनत वाया. टाकी शेडच्या पूर्वेला ठेवा, म्हणजे दुपारनंतरचं पश्चिमेचं ऊन तिला लागणार नाही. बाहेरून पांढरा रंग द्या, भोवती थर्माकोल बांधा, वर शेडनेट ताणा. नेट टाकीला चिकटवू नका. मधे हात-दीड हात अंतर राहिलं तर वारा खेळतो. आत मात्र उजेडाचा कवडसाही जाता कामा नये. उजेड आला की शेवाळ धरतं, ते रात्री प्राणवायू खातं आणि त्याच्यावर पोसलेल्या बारीक माश्या पिथियम एका टाकीतून दुसरीत नेतात. एनएफटीचे (ज्यांतून पाण्याचा पातळ थर वाहतो ते) पाइपही पांढरेच हवेत, कारण पाणी सगळ्यात जास्त तिथेच तापतं.

टाकी जेवढी मोठी तेवढी ती सावकाश तापते. शक्य असेल तर शंभर-शंभर लिटरचे पाच ड्रम ठेवण्यापेक्षा पाचशे लिटरची एकच टाकी ठेवा. तोटा एवढाच की एका ठिकाणी लागलेली कुज सगळ्या झाडांपर्यंत जाते. म्हणून पुढची तिसरी, टाकी धुण्याची पायरी काटेकोर पाळा.

२. गाडायची असेल तर तोंड वर ठेवा.
तीन-चार फूट खोल गाडलेल्या टाकीला दुपारची झळ लागत नाही. पण मुळशीत दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. टाकीचं तोंड जमिनीपेक्षा किमान अर्धा फूट वर हवं, नाहीतर वळवाच्या पहिल्या सरीबरोबर गढूळ पाणी आत जाईल आणि मातीतलं पिथियमही. दुसरं, खड्ड्याला उताराकडे चर काढा. इथल्या पावसाळ्यात मुरमाचा खड्डा पाण्यानं भरतो आणि रिकामी टाकी खालून उचलली जाऊन तडकते. पावसाळ्यात गाडलेली टाकी कधीच पूर्ण रिकामी ठेवू नका.

३. दोन पिकांच्या मधे टाकी धुऊन काढा.
सगळं पाणी सोडा. मुळांचे तुकडे, गाळ, पाइपांतला बुळबुळीत थर घासून काढा; घाण तशीच ठेवून क्लोरीन टाकलं तर ते घाणीवरच खर्च होतं. मग १०० लिटर पाण्याला ६० ग्रॅम ताजी टीसीएल पावडर या हिशेबानं द्रावण करा. पावडर आधी बादलीत कालवा, निवळू द्या आणि वरची निवळीच वापरा. पंप चालू करून हे पाणी अर्धा तास सगळ्या पाइपांतून फिरवा. नंतर दोनदा साध्या पाण्यानं धुवा. नेटपॉट आणि थर्माकोलच्या शीटही टीसीएलच्या पाण्यात बुडवून काढा आणि तशाच धुवा.

एक इशारा: पीएच उतरवायला आणलेलं फॉस्फरिक किंवा नायट्रिक ॲसिड टीसीएलच्या जवळही ठेवू नका. दोन्ही मिसळले तर क्लोरीन वायू सुटतो आणि बंद शेडमध्ये तो जिवावर बेतू शकतो.

४. येणारं पाणी निर्धोक करा.
नदी, धरण, उघडी विहीर किंवा शेततळ्यातल्या पाण्यात पिथियम असू शकतं, हे धरूनच चाला. १००० लिटरला १५ ग्रॅम ताजी टीसीएल, रात्रभर मुरू द्या, मग दिवसभर उघड्यावर हवा सोडा. ग्रामपंचायतीचा पाणी सोडणारा कर्मचारी करतो तीच ओटी टेस्ट करा. पिवळा रंग आला तर क्लोरीन अजून शिल्लक आहे, थांबा. रंग आला नाही की मगच खतं मिसळा. बोअरवेलचं पाणी बहुधा निर्धोक असतं, पण थंड असतं असं नाही. जमिनीखालचं पाणी त्या भागाच्या वार्षिक सरासरी तापमानाच्या आसपास, म्हणजे इथे पंचवीस अंशांच्या आगेमागे राहतं. नुसतं बोअरचं पाणी ओतून टाकी बाविसावर येणार नाही.

कोकोपीट वापरत असाल तर ते धुतलेलं घ्या. टाकीत हात घालण्याआधी साबणानं हात धुवा आणि शेतातल्या चपला शेडबाहेर काढा.

५. हवा भरपूर द्या.
दर १० लिटर पाण्यामागे मिनिटाला १ ते २ लिटर हवा हे किमान प्रमाण. बुडबुडे जितके बारीक तितकं बरं. एअर स्टोन चुनखडीनं बुजले की बुडबुडे मोठे होतात, तेव्हा महिन्याला ते काढून पातळ ॲसिडच्या पाण्यात ठेवून धुवा. एअर पंप पत्र्याखाली ठेवला तर तो चाळिशीतली हवा पाण्यात ढकलतो. तो सावलीत आणि पाण्याच्या पातळीपेक्षा वर टांगा, म्हणजे वीज गेल्यावर नळीतून पाणी उलटं येऊन पंप बुडत नाही. डीओ मीटर असेल तर ६ मिलिग्रॅमच्या वर ठेवा. ४ च्या खाली गेलं की मुळं गुदमरायला लागली असं समजा.

६. पाणी २० ते २४ अंशांत राखा.
सिंगापूरच्या नानयांग तंत्रज्ञान विद्यापीठात ली सिंग काँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात दाखवून दिलं की मुळं २० अंशांच्या आसपास ठेवली तर दमट उष्ण हवेतही लेट्यूस नीट वाढतं. थोडक्यात, अख्खं पॉलिहाउस थंड करण्यापेक्षा टाकी थंड करणं स्वस्त पडतं.

मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत माठाची युक्ती चालते. परतीचं पाणी टाकीत सोडताना फूट-दीड फूट उंचीवरून, भोकं पाडलेल्या पाइपातून धारांनी पडू द्या. त्यातलं थोडं वाफ होऊन उडतं आणि उरलेलं गार होतं. १०० लिटरमधलं एक लिटर पाणी उडालं तर उरलेल्याचं तापमान सहा अंशांच्या जवळपास उतरू शकतं. हवाही आपोआप मिसळते. रात्री आणि पहाटे हे फिरवणं वाढवा.

बर्फाचा हिशेब आधी करा. १०० लिटर पाणी ३० वरून २५ अंशांवर आणायला सुमारे ५ किलो बर्फ लागतो, १००० लिटरला ५० किलो. म्हणून छोट्या टाकीत फ्रीजरमधल्या बंद बाटल्या चालतात. एक लिटरची गोठलेली बाटली १०० लिटर पाणी साधारण एक अंशानं उतरवते. सकाळी अकरापासून दर दोन तासांनी बाटल्या बदला. बाटली काठोकाठ भरू नका, फुटते. सुटा बर्फ टाकीत टाकू नका. तो कसल्या पाण्याचा असतो सांगता येत नाही, शिवाय खत पातळ होतं.

मोठ्या टाकीला चिलर. एक टनाचा चिलर १००० लिटर पाणी ५ अंशांनी उतरवायला पावणेदोन तासांच्या आसपास घेतो, बाहेरून येणारी उष्णता वेगळी. त्याची कॉइल स्टेनलेस स्टील किंवा टायटॅनियमची हवी. तांबं आम्लधर्मी द्रावणात विरघळतं आणि मुळांना बाधतं.

७. खत थोडं हलकं करा.
उन्हाळ्यात झाडं खतापेक्षा पाणी जास्त ओढतात, त्यामुळे टाकीतली ईसी चढत जाते. लेट्यूसला हिवाळ्यात १.४ ते १.६ ठेवत असाल तर एप्रिल-मेमध्ये १.० ते १.२ पुरे. रोजची तूट साध्या पाण्यानं भरा, पीएच ५.५ ते ६.२ मध्ये ठेवा आणि द्रावण दहा-बारा दिवसांनी पूर्ण बदला. मेमध्ये एका टाकीवरची झाडं कमी करा, लेट्यूसच्या जागी बेसिल किंवा पुदिना वाढवा. त्यांना कोमट पाणी अधिक सोसतं.

८. वीज गेल्यावर काय, ते आधी ठरवा.
वळवाच्या वाऱ्यात लाइन जाणार हे धरूनच चालायचं. ४० वॉटचा एअर पंप १५० एएचच्या इन्व्हर्टर बॅटरीवर रात्रभर चालतो. एनएफटीमध्ये पाण्याचा पातळ थरच असल्यानं दुपारी तासाभरात मुळं सुकू लागतात. तिथे फिरवणारा पंपही इन्व्हर्टरवर हवा.

रोजची तपासणी

पाण्याचं तापमान सकाळी सहाला आणि दुपारी चारला मोजून वहीत लिहा. सकाळचाच आकडा २४ च्या वर असेल तर रात्रीचा थंडावा कमी पडतोय. दुपारचा २६ च्या वर गेला तर त्याच दिवशी बाटल्या किंवा चिलर वाढवा.

रोज वेगवेगळ्या कोपऱ्यांतली चार-पाच झाडं उचलून मुळं पाहा. निरोगी मूळ पांढरं, टणक, वासाला ताजं. खतामुळे नुसता पिवळसर डाग पडला असेल तर घाबरायचं कारण नाही. शंका आली तर एक मूळ चिमटीत धरून हलकं ओढा. कुजलेल्या मुळाची साल चिमटीत निघून येते आणि मागे दोऱ्याएवढा बारीक गाभा लोंबत राहतो. टाकी भरलेली असताना झाड दुपारी मान टाकत असेल आणि संध्याकाळी उठत असेल, तर हा आजार पानाआधी मुळात शोधा.

कुज दिसलीच तर

बाधित झाडं लगेच काढून शेडपासून दूर पुरा किंवा जाळा. पाणी बदला, तापमान बाविसावर आणा, हवा दुप्पट करा. उरलेल्या झाडांसाठी ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड लिटरला १ मिलि, संध्याकाळी. केमिस्टकडे ६ टक्क्यांचंही मिळतं. बाटलीवरचा आकडा वाचा आणि ते असेल तर निम्मं घ्या. जास्त घातलं तर मुळांचे केसच जळतात. ट्रायकोडर्मा किंवा बॅसिलस वापरायचं असेल तर पेरॉक्साइडनंतर दोन-तीन दिवस थांबून, पुडीवरच्या मात्रेनं द्या. एकाच दिवशी दोन्ही दिली तर पेरॉक्साइड त्यांनाच मारतं.

कार्बेन्डाझिमवर पैसे घालवू नका. पिथियम ही खरी बुरशी नाही, तिच्यावर ते चालत नाही. मेटॅलॅक्झिल चालतं, पण कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पालेभाजीच्या फिरत्या पाण्यात ते घालणं योग्य नाही. कुज पुन्हापुन्हा येत असेल तर मुळांचा ताजा नमुना ओलसर कागदात गुंडाळून पुण्यात शिवाजीनगरच्या कृषी महाविद्यालयातल्या वनस्पती रोगशास्त्र विभागात दाखवा.

पावसाळ्याच्या तोंडावर

जूनमध्ये हवा दमट झाली की बाष्पीभवनाचा थंडावा जवळजवळ बंद होतो. धारा फक्त हवा मिसळण्यापुरत्या उरतात. हवा गार झाली म्हणून निर्धास्त होऊ नका. या दिवसांत धोका तापमानापेक्षा गढूळ पाण्याचा. टीसीएल आणि ओटी टेस्ट चालूच ठेवा, टाकीची झाकणं आणि चर पाहून घ्या.

पैसे थोडे असतील तर खर्चाचा क्रम असा लावा: आधी थर्मामीटर आणि पांढरा रंग, मग एअर पंप व इन्व्हर्टर, मग डीओ मीटर, सगळ्यात शेवटी चिलर. पहिल्या दोन गोष्टी काही शे रुपयांत होतात, आणि चिलर खरंच लागणार का, हे वहीतले दुपारी चारचे आकडेच सांगतात.