पाच गुंठ्यांचे शेडनेट : उभारण्याआधी आणि उभारताना



मागील गळीत हंगाम संपताना आपले एक सभासद गट कार्यालयात आले. क्षेत्र सव्वा एकर, सगळे उसाखाली. म्हणाले, "साहेब, एक एकर ऊस मोडावा म्हणतोय. पोराच्या डोक्यात पॉलिहाऊस बसलंय. सोसायटीचं कर्ज काढायचं आहे. हो म्हणा, नाहीतर नाही म्हणा, पण आज सांगा."

मी त्या दिवशी 'हो'ही म्हटले नाही आणि 'नाही'ही म्हटले नाही. असा प्रश्न घेऊन वर्षातून पाच-सहा सभासद तरी येतात. म्हणून सर्वांसाठीच हा लेख लिहीत आहे.

मुलाचे म्हणणे चुकीचे नाही. उसाचे पैसे वर्ष-दीड वर्षातून एकदा हातात येतात. घरखर्च मात्र दर आठवड्याचा असतो. पाच गुंठे भाजीपाला नीट पिकला तर आठवडी बाजाराचा खर्च, औषधपाणी आणि शाळेची फी त्यातून भागते. पण त्यासाठी लगेच ऊस मोडून मोठे कर्ज डोक्यावर घ्यावे का, हा वेगळा प्रश्न आहे.

दोन प्रकार, दोन कामे

पॉलिहाऊसला वरून प्लॅस्टिकचा कागद असतो. त्यामुळे पाऊस आत येत नाही आणि ढोबळी मिरची, काकडी, फुले बारा महिने घेता येतात. खर्च मोठा असतो, आणि सूर्यप्रकाशाने तीन-चार वर्षांत कागद खराब होऊन बदलावा लागतो. परदेशात हरितगृह बांधतात ते थंडीत ऊब राखण्यासाठी. आपल्याकडे अडचण उलटी आहे. एप्रिल-मे महिन्यात आतली उष्णता बाहेर कशी जाईल, हीच काळजी. म्हणून उंची, बाजूचे पडदे आणि माथ्यावरची खिडकी यांना महत्त्व आहे. आपल्या भागात पावसाळी वारा पश्चिमेकडून येतो, म्हणून माथ्यावरची खिडकी पूर्वेकडे उघडी ठेवतात. वारा डोक्यावरून जाताना आतली गरम हवा ओढून नेतो, आणि आत घुसून कागद उचलत नाही.

शेडनेटला वरून जाळी असते. ऊन निम्म्यावर येते, पण पाऊस आत पडतो. म्हणजे उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात त्याचा फायदा पुरता मिळतो, तर पावसाळ्यात करपा, मर यांचा धोका उघड्या शेताइतकाच राहतो. खर्च मात्र पॉलिहाऊसपेक्षा बराच कमी. पहिल्यांदाच या कामात उतरणाऱ्या अल्पभूधारक सभासदाने शेडनेटपासून सुरुवात करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

माझी स्वतःची चूक

दुसऱ्याला शहाणपण शिकवण्याआधी आपली चूक सांगावी. सन २०१६ मध्ये मी माझ्या गावच्या शेतात शेडनेट उभे केले. पैसे वाचवायचे म्हणून खांब काळ्या मातीत जेमतेम एक फूट गाडले, काँक्रीट केले नाही. मे महिन्यात वळवाचा वारा सुटला. त्या दिवशी दरवाजाही उघडा राहिला होता. वारा आत शिरला, जाळी फुग्यासारखी फुगली आणि अर्ध्या तासात सात खांब मुळासकट उपटून आले. काढणीला आलेली कोथिंबीर जाळीखाली चिरडली गेली. वाचवलेल्या सिमेंटच्या कितीतरी पट नुकसान झाले. कृषी पदविका घेतलेल्या माणसाची ही गत, म्हणून खालची मापे कंटाळा न करता वाचावीत.

जागा कशी निवडावी

१) पाणी साचणारी, चोपण किंवा क्षारपड जागा नको. उसाला जास्त पाणी देऊन आपल्याकडची बरीच जमीन बिघडली आहे. आधी माती आणि पाणी दोन्ही तपासून घ्यावे.

२) उसाच्या फडापासून निदान १५ फूट अंतर सोडावे. उंच उसाची सावली पडते, हवा अडते आणि उंदीर-घुशींचा त्रास होतो.

३) पाचट पेटवण्याची सवय असेल तर शेडनेट उभारूच नये. एक ठिणगी जाळीला पुरते. शेजाऱ्यालाही आधी सांगून ठेवावे. पाचट कुजवून खोडव्यात ठेवणे हे तसेही जमिनीच्या हिताचे आहे.

४) घरापासून हाकेच्या अंतरावर जागा असावी. हे पीक रोज बघावे लागते. उसासारखे आठवड्यातून एक फेरी मारून चालत नाही.

मापे आणि सांगाडा

पाच गुंठे म्हणजे ५,४४५ चौरस फूट. ९० फूट लांब आणि ६० फूट रुंद अशी आखणी केली तर ५,४०० चौरस फूट होतात. लांबी दक्षिणोत्तर ठेवावी.

दोन्ही बाजूंनी १५-१५ फुटांवर खांब घ्यावेत. लांबीत ७ आणि रुंदीत ५, असे एकूण ३५ खांब लागतात. खांब जीआय पाईपचा, साडेबारा फूट लांब. त्यातला अडीच फूट जमिनीत काँक्रीटमध्ये आणि दहा फूट वर. काळ्या जमिनीत भेगा पडून खांब हलतो, म्हणून अडीच फुटांत कसर करू नये. कडेच्या प्रत्येक खांबाला बाहेरून तिरका टेकू किंवा ताणाची तार द्यावी.

वरचे आडवे पाईप मोजावेत. ६० फुटांच्या ७ ओळी म्हणजे ४२० फूट, ९० फुटांच्या ५ ओळी म्हणजे ४५० फूट. एकूण ८७० फूट.

जाळी छताला ५,४०० चौरस फूट. चारी बाजूंचा घेर ३०० फूट, उंची १० फूट आणि खाली मातीत गाडायला १ फूट, म्हणजे बाजूंना ३,३०० चौरस फूट. शिलाई आणि जोड यांसाठी थोडी जादा धरावी. छताला ५० टक्के सावलीची जाळी पुरते. ७५ टक्क्यांची घेतली तर झाडे उंच वाढतात, पण फुले धरत नाहीत. बाजूंना ४० मेशची कीडरोधक जाळी लावावी, म्हणजे पांढरी माशी बरीचशी बाहेर राहते. दरवाजे एकामागे एक असे दोन असावेत. एक लावल्याशिवाय दुसरा उघडायचा नाही, हा नियम घरातल्या लहान मुलांनाही शिकवावा.

ठेकेदार दरपत्रक देईल तेव्हा वरचे आकडे हातात ठेवून बसावे. पाईपची जाडी, जाळीचे वजन आणि खड्ड्याची खोली कागदावर लिहून घ्यावी. तोंडी बोलण्यावर जाऊ नये.

माती आणि गादीवाफे

तीन फुटांचा वाफा आणि दीड फुटाची वाट, अशी आखणी करावी. ६० फूट रुंदीत असे १३ वाफे बसतात आणि दोन्ही कडांना दीड-दीड फूट मोकळे राहते. पुढे-मागे तीन-तीन फूट सोडले तर वाफ्याची लांबी ८४ फूट मिळते. एका वाफ्यावर दोन ओळी, दोन रोपांत दीड फूट अंतर. म्हणजे एका वाफ्यावर ११२ रोपे आणि १३ वाफ्यांवर १,४५६ रोपे.

वाफा दीड फूट उंच असावा. नुसती काळी माती नको. पोयटा किंवा तांबडी माती, भरपूर कुजलेले शेणखत आणि मिळाल्यास भाताचे तूस मिसळावे. अर्धवट कुजलेले शेणखत टाकले तर हुमणी आणि तण आपण स्वतःच आत आणतो.

मातीतील सूत्रकृमी हा या शेतीचा छुपा शत्रू आहे. झाड दुपारी मलूल पडते, उपटून पाहिले तर मुळांवर गाठी दिसतात. एकदा शिरला की हटता हटत नाही. यासाठी एप्रिल-मे महिन्यात वाफे भिजवून त्यावर पारदर्शक प्लॅस्टिक चार ते सहा आठवडे घट्ट अंथरावे. उन्हाने माती तापून बरेच किडे, बुरशी आणि तणाचे बी मरते. जाळीखाली ऊन निम्मे होते, म्हणून हे काम जाळी चढवण्याआधी करणे उत्तम. मिरची, टोमॅटो, वांगी ही एकाच कुळातील पिके पाठोपाठ घेऊ नयेत. मध्ये झेंडू घेतला तर सूत्रकृमी कमी होतात, वर सणाला चार पैसेही मिळतात.

पाणी

उसाला पाळी देऊन आठ-दहा दिवस निश्चिंत राहता येते. इथे रोज थोडे पाणी द्यावे लागते. मोठ्या झाडाला उन्हाळ्यात दिवसाला दोन लिटर धरले तर १,४५६ झाडांना सुमारे ३,००० लिटर होतात. आपली वीज कधी दिवसा तर कधी रात्री. म्हणून ५,००० लिटरची टाकी उंचावर बसवून ठिबकला जोडावी. पाटाचे पाणी असेल तर गाळणी हवीच.

उसाचा पंप, भाजीचा घात

ही गोष्ट खास ऊस उत्पादकांसाठी आहे. उसातील तणावर आपण टू-फोर-डी फवारतो. त्याने ऊस मरत नाही, पण ढोबळी, टोमॅटो, काकडी यांना त्याचा अंशसुद्धा सोसत नाही. पाने वळतात, शेंडा पिळवटतो. पुष्कळ जण त्याला विषाणूरोग समजून भलतीच औषधे मारत बसतात. तेव्हा भाजीसाठी पंप वेगळा ठेवावा. नुसता धुऊन घेतलेला चालणार नाही. शेजारच्या फडात वारा असताना हे औषध मारू देऊ नये.

कोणती पिके घ्यावीत

पहिल्या वर्षी अवघड पिकाच्या मागे लागू नये. उन्हाळ्यात कोथिंबीर घ्यावी. धणे रगडून दोन भाग करून, रात्रभर भिजवून पेरावेत. साधारण ४० दिवसांत काढणीला येते. उघड्यावर उन्हाने उगवण मार खाते तेव्हा जाळीखाली ती चांगली होते. जूनमध्ये भाजीपाल्याची रोपे तयार करता येतात. पावसाचा जोर ओसरल्यावर ढोबळी किंवा काकडी. काकडी घेताना एक लक्षात असू द्या. कीडरोधक जाळीतून मधमाशी आत येत नाही. म्हणून परागीभवनाशिवाय फळ धरणारे वाणच निवडावे. साधे वाण लावले तर वेल फुलांनी भरेल आणि काकडी एकही दिसणार नाही.

शिवाय याच जाळीखाली एक डोळ्याची उसाची रोपे ट्रेमध्ये तयार होतात. ५ x २ फुटांवर एकरी ४,३५६ रोपे लागतात. ४२ कप्प्यांचे १०४ ट्रे झाले की एकराची सोय झाली. तूट धरून थोडे जादा भरावेत. अडसाली लागणीला घरचेच रोप मिळते आणि बेण्याचा खर्च वाचतो.

कर्ज आणि अनुदान

शासनाच्या फलोत्पादन योजनेतून शेडनेट व पॉलिहाऊसला अनुदान मिळते. अर्ज महाडीबीटी पोर्टलवर करावा लागतो. निवड होऊन पूर्वसंमतीचे पत्र हातात आल्याशिवाय एकही खड्डा खोदू नये. आधी उभारले तर अनुदानाला मुकावे लागते. दुसरे म्हणजे अनुदान काम पूर्ण होऊन तपासणी झाल्यावर येते. तोपर्यंत पैसा आपलाच गुंततो आणि त्याचे व्याज चालू राहते. "अनुदान मी आणून देतो, तुम्ही फक्त सही करा" असे म्हणणाऱ्यापासून दूर राहावे. चालू नियमांसाठी तालुका कृषी कार्यालयात स्वतः जाऊन विचारावे.

हिशेबाची वही वेगळी ठेवावी. घरच्या माणसांची मजुरीही त्यात लिहावी. आई, पत्नी, सून दिवसभर आत राबतात आणि आपण "खर्च काहीच नाही" म्हणतो, तो हिशेब खोटा आहे. जाळी पुन्हा बदलावी लागेल, त्यासाठी दर काढणीला थोडी रक्कम बाजूला टाकावी.

एकट्याने नको

गावात दहा जणांनी एकाच आठवड्यात कोथिंबीर काढली तर भाव आपणच पाडतो. पाच-सात जणांनी बसून लागणीच्या तारखा वाटून घ्याव्यात, माल एका टेम्पोत पाठवावा. सहकाराने आपण कारखाना चालवतो, मग भाजीचा एक टेम्पो चालवणे अवघड का वाटावे?

आता त्या सभासदांचे काय झाले ते सांगतो. मी त्या मुलाला घेऊन माझ्या शेतावर गेलो आणि वाकलेले ते सात पाईप दाखवले. ते मी अजून मोडीत घातलेले नाहीत. मग बापलेकांनी घरी बसून ठरवले. एक एकर ऊस तसाच ठेवला. घराजवळच्या दहा गुंठ्यांतला खोडवा तुटल्यावर त्यातल्या पाच गुंठ्यांत शेडनेटसाठी अर्ज केला आहे, पूर्वसंमतीची वाट पाहत आहेत. दरम्यान मुलगा दोन गुंठ्यांवर बांबू आणि जाळी टाकून कोथिंबीर शिकतो आहे. पहिली पेरणी दाट झाली आणि कुजली, दुसरी बरी आली. वडील म्हणाले, "साहेब, कर्ज काढून कुजली असती तर?" यापेक्षा जास्त मी काय सांगणार!

ज्या सभासदांना आखणी करून हवी असेल त्यांनी सातबारा आणि मातीचा नमुना घेऊन गट कार्यालयात यावे. शेतकी मदतनीस टेप घेऊन तुमच्या शेतावर येईल. खड्डा अडीच फूट झाला की नाही, हे मात्र मी स्वतः येऊन मोजणार आहे.

आपला,
ऊस विकास अधिकारी