फुकटचं सरपण आणि छातीतला धूर

घरात गॅस आहे, पण अंघोळीचं पाणी, भाकरी आणि जनावरांचं आंबोण चुलीवरच, अशी कितीतरी घरं आपल्याकडे आहेत. सिलिंडर महाग आणि सरपण फुकट, हे त्यामागचं कारण मला पटतं. म्हणूनच ‘चूल बंद करा’ एवढं सांगून मी थांबणार नाही. पण धाप लागते म्हणून येणारी बाई सांगते, “डॉक्टर, मी कधी विडीला हात लावला नाही,” आणि छातीला नळी लावावी तर आवाज जुन्या विडीबाजासारखाच येतो. चुलीच्या धुराने श्वासनलिका कायमच्या अरुंद होतात. या आजाराला सीओपीडी म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातल्या धुरामुळे २०२० साली जगभरात सुमारे ३२ लाख माणसं दगावली.

धूर कमी करायचा तर चुलीच्या आधी लाकूड पाहा. ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात जवळजवळ निम्मं पाणी असू शकतं. ते उडून जाईपर्यंत लाकूड पेटत नाही, धुमसत राहतं. टोकाशी फेस येतो, चर्र आवाज होतो आणि बाई फुंकणी घेऊन चुलीच्या तोंडाशी वाकते. फुंकर मारून झाली की ती जो खोल श्वास घेते, तो धुराचाच असतो. फुंकणी सारखी हातात घ्यावी लागत असेल तर सरपण ओलं आहे असं खुशाल समजा. वाळलेलं लाकूड हाताला हलकं लागतं, त्याच्या टोकांना भेगा पडतात आणि दोन ढलप्या एकमेकींवर आपटल्या की खणखणीत आवाज येतो. ओंडका तसाच ठेवला तर आतून ओला राहतो. मनगटापेक्षा जाड तुकडे ठेवू नका. फोडून उन्हाळाभर वाळवा आणि मृगाच्या आत पडवीत विटांवर रचून ठेवा. ढीग भिंतीला टेकवू नका. सरपण काढताना आधी काठीने हलवा, रात्री बॅटरी घ्या. ढिगाऱ्यात विंचू असतो, कोकणात फुरसंही असतं.

फुकट मिळतं ते सगळंच जाळण्याजोगं नसतं. पावसाळ्याआधी विजेच्या तारांखाली छाटलेल्या फांद्या, बांधावरची बाभूळ-सुबाभूळ, तुराट्या, करवंट्या हे मालकाला विचारून जरूर आणा. पण बिब्ब्याची फांदी मोळीत आली तर बाहेर काढून टाका. बिब्बा उततो हे आपल्याकडे पोराटोरांनाही ठाऊक आहे. धुरातूनही तो उततो, हे मात्र पुष्कळांच्या लक्षात येत नाही. तोंड सुजतं, पापण्या मिटतात, अंगभर खाज सुटते आणि धूर छातीत गेला तर श्वास कोंडतो. शेराचा चीक डोळ्यात गेला तर बुबुळाला इजा होते आणि कण्हेर तर सर्वांगाने विषारी, तेव्हा ही दोन्ही झाडंही चुलीपासून लांब ठेवा. रंगवलेल्या जुन्या चौकटी, प्लायवूड, फवारणी झालेल्या द्राक्षवेलींची छाटणी घरात जाळू नका. चूल पेटवायला प्लास्टिकची पिशवी किंवा टायरचा तुकडा तर कधीच नको.

आता चूल. तीन दगडांच्या चुलीवर उष्णतेचा मोठा भाग वाया जातो. लाकूड जाळीवर ठेवता येईल आणि जाळीखालून हवा खेळेल अशी चूल घ्या. एका जागी बसवायची असेल तर धुराडं असलेली निर्धूर चूल उत्तम. पुण्याच्या ‘आरती’ या संस्थेने साच्यातून घडवायच्या अशा चुली खेडोपाडी नेल्या. धुराडं छपराच्या वर निघायला हवं, माळ्यावर सोडून उपयोग नाही. त्यातली काजळी नियमित काढा, नाहीतर ती साचली की धूर पुन्हा घरातच येतो. पंख्याची लोखंडी चूल धूर खरोखर कमी करते, पण तिला बारीक कापलेल्या, कोरड्या काटक्याच लागतात. रोज कोण कापणार, हे ठरल्याशिवाय तिच्यावर पैसे घालू नका. आणि चूल कुठलीही असो, जमेल तेव्हा ती पडवीत किंवा अंगणात मांडा.

दोन ठिकाणी मी आग्रहच धरतो. पेटता बंब बंद न्हाणीघरात ठेवू नका आणि बाळंतिणीच्या खोलीत दार-खिडक्या लावून कोळशाची शेगडी ठेवू नका. निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. आधी डोकं जड होतं, मळमळतं, मग झोप येते आणि त्या झोपेतच माणूस जातो. अशा वेळी बोटाला लावायचं ऑक्सिजनचं यंत्र नेहमीचाच आकडा दाखवतं, त्यावर विसंबू नका. माणसाला आधी उघड्यावर आणा आणि लगेच इस्पितळात न्या. बाळाला धुरीही देऊ नका. त्याची फुप्फुसं अजून कोवळी असतात आणि धुराने न्यूमोनियाचा धोका वाढतो.

खोकला दोन आठवड्यांहून जास्त टिकला तर थुंकीची तपासणी करून घ्या, कारण तो क्षयही असू शकतो. चढावर पूर्वीपेक्षा लवकर दम लागत असेल तर स्पायरोमेट्री करा. यंत्रात जोराने फुंकायचं असतं, दुखत नाही. दवाखान्यात विडी-तंबाखूचं विचारतात, चुलीचं विचारायचं बहुधा राहून जातं. तुम्हीच आपण होऊन सांगा: किती वर्षं, दिवसाचे किती तास आणि स्वयंपाकघराला खिडकी आहे की नाही.