तिकिटांना ‘गंज’ चढतो तेव्हा

जाडजूड क्रमिक पुस्तकांच्या मागे टपाल तिकिटांचा एखादा जुना अल्बम जपून ठेवणारे आपल्या हॉस्टेलमध्ये अजूनही निघतील. कुणाला तो आजोबांकडून मिळालेला, कुणी शाळेत असताना पाकिटं पाण्यात भिजवून स्वतः जमवलेला. आता घरी पत्रंच फारशी येत नाहीत, त्यामुळे हाताशी आहे तो संग्रह टिकवणं महत्त्वाचं. आणि त्याचा मोठा शत्रू म्हणजे आपला पावसाळा!

जूनमध्ये बंद केलेला अल्बम दिवाळीत उघडला, की तिकिटांच्या दातेरी कडांवर पिवळट-तपकिरी ठिपके दिसतात. संग्राहक याला ‘रस्ट’ म्हणजे गंज म्हणतात. पण तिकिटात लोखंड आलं कुठून? कागदातल्या लोहाच्या सूक्ष्म कणांमुळे कधीकधी डाग पडतात हे खरं. पण दमट हवेत हा ‘गंज’ बहुतेक वेळा बुरशीचाच असतो. कागद आणि तिकिटामागचा डिंक हे तिचं खाद्य. शिवाय डिंक हवेतला ओलावा ओढून घेतो. म्हणून १९४८ च्या गांधीजींच्या चार तिकिटांसारखा जुना संच मूळ डिंकासह कुणाकडे असेल, तर त्याला जास्तच जपायला हवं.

आता थोडं थर्मोडायनॅमिक्स. सापेक्ष आर्द्रता साधारण ६५-७० टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली की बुरशी वाढू लागते. समजा, संध्याकाळी खोलीत तापमान ३० अंश आणि आर्द्रता ६० टक्के आहे. स्टीम टेबलमध्ये ३० अंशांना संपृक्त दाब ४.२५ किलोपास्कल, म्हणजे हवेतल्या बाष्पाचा दाब २.५५. रात्री तापमान २५ अंशांवर आलं, की संपृक्त दाब ३.१७ होतो आणि आर्द्रता थेट ८० टक्के! हवेत पाण्याचा एक थेंब वाढला नाही, तरी बुरशीची सोय झाली. भिंतीलगतच्या थंड कोपऱ्यात तर हा आकडा आणखी वर जातो.

यावरून उपाय आपोआप सुचतात :

१) अल्बम बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या कपाटात किंवा जमिनीवरच्या ट्रंकेत ठेवू नका. आतल्या भिंतीकडचा वरचा कप्पा बरा. आणि खोलीत ओले कपडे वाळत घालणं बंद!

२) अल्बम उभा आणि सैल ठेवा. आडवा ठेवून वर पुस्तकं रचली, तर तिकिटं पानांना चिकटतात.

३) घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलची पुडी टाका, पण ती तिकिटांना लागू देऊ नका. अल्बम कोरड्या दिवशीच आत ठेवा. दमट अल्बम डब्यात कोंडला तर ओलावाही आतच कोंडतो. रंग बदलणारं नारिंगी जेल घ्या. रंग गेला की ते सुमारे १२० अंशांना तापवून पुन्हा वापरता येतं. (लॅबमधला ओव्हन सरांना विचारूनच!)

४) डब्यात छोटा आर्द्रतामापक ठेवा. त्याची परीक्षा सोपी आहे : बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन ते थोड्या पाण्याने ओलं करा आणि मापकासह बंद डब्यात रात्रभर ठेवा. सकाळी मापकाने ७५ टक्के दाखवायला हवेत. संग्रहासाठी ५० टक्क्यांच्या आसपास उत्तम. फार कोरडी हवाही नको, डिंकाला तडे जातात.

५) पीव्हीसीची पाकिटं टाळा. त्यातली रसायनं तिकिटांत उतरतात. पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टरची पाकिटं चालतात.

६) पावसाने उघडीप दिली की अल्बम उघडून पानं पंख्याखाली मोकळी करा. उन्हात मात्र नको, रंग उडतात. तिकीट उचलायचं ते चिमट्यानेच, बोटांचा घाम नको.

डाग पडलेलं तिकीट दिसलं, तर ते आधी बाजूला काढा आणि शेजारची तिकिटं तपासा. ब्लीच किंवा क्लोरामाइन-टी वापरून डाग फिके करता येतात, पण त्यात डिंक जातो आणि कागद नि शाई बिघडण्याचा धोका असतो. डांबराच्या गोळ्या किड्यांसाठी असतात. बुरशीवर त्यांचा भरवसा धरू नका.

थोडक्यात, गेलेलं तिकीट पूर्ववत होत नाही, पण राहिलेली नक्की वाचवता येतात. तेव्हा या रविवारी अल्बम बाहेर काढा आणि प्रत्येक तिकिटाची मागची बाजू एकदा बघून घ्या!