समन्स आले तर

कोर्टाचा बेलिफ दारात आला, की पुष्कळ लोक मागच्या दाराने निघून जातात. कागद घेतला नाही, तर दावा चालणार नाही, असे त्यांना वाटते. तसे नसते, मंडळी! समन्स नाकारले, तरी कोर्ट ते बजावले असे धरू शकते.

दावा लावतो तो वादी. ज्याच्यावर लावतो तो प्रतिवादी. समन्स म्हणजे कोर्टाचे बोलावणे. ती काही शिक्षा नव्हे. कोर्ट कोणते, तारीख कोणती, हे आता तुम्हांला स्वतः वाचता येईल.

समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत प्रतिवादीने आपली बाजू लिहून द्यावी. तिला कैफियत म्हणतात. तारखेला गेलाच नाहीत, तर वादीचेच ऐकून एकतर्फी हुकूमनामा होऊ शकतो. अशाने हातची जमीनही जाते. हुकूमनामा रद्द करायला पुन्हा ३० दिवसांची मुदत असते. पण न येण्याचे सबळ कारण दाखवावे लागते. लग्नघरी होतो, हे कारण नव्हे.

वकिलाला पैसे नाहीत? १९८७ च्या कायद्याने स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींचे लोक आणि गरीब यांना फुकट वकील मिळतो. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समितीकडे अर्ज करावा. लिहायला जमले नाही, तर तोंडी सांगा. तेथील माणूस लिहून घेतो.